शेजारच्या जपानी घरातली घासणी

आजच्या गप्पांचा विषय फौजेतला नाही, हे आधीच सांगतो. गेल्या भागानंतर एका ताईंनी लिहिलं होतं, "कर्नलसाहेब, तोफा-बंदुका पुरे झाल्या, घरातलं काहीतरी सांगा." तर आज स्वयंपाकघरात जाऊ. एका घासणीची गोष्ट सांगणार आहे. हसू नका, शेवटी यमुनेपर्यंत जायचंय.

मी राहतो गुरुग्रामला. पूर्वीचं गुडगाव. १९८३ च्या डिसेंबरात इथून पहिली मारुती ८०० बाहेर पडली, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या कारखान्याबरोबर जपानी माणसं इकडे यायला लागली. मग सुट्या भागांच्या कंपन्या आल्या, पुढे राजस्थानच्या हद्दीत नीमराण्याला जपानी कंपन्यांसाठी वेगळा औद्योगिक भाग झाला आणि गुरुग्रामच्या गृहसंकुलांमध्ये तीन-चार वर्षांच्या बदलीवर आलेली जपानी कुटुंबं दिसणं अगदी नेहमीचं झालं. आम्हा फौजी लोकांना त्यांची फार लवकर ओळख पटते. तीन वर्षं झाली की सामान बांधायचं, हे दोघांच्याही नशिबी.

२०१६ साली आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये असंच एक जोडपं आलं. नवरा सकाळी सातला जायचा, रात्री नऊला यायचा. बाईंशी आमच्या सौ.ची मैत्री झाली. भाषा जवळपास नव्हतीच. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी, बाकी हातवारे. दुसऱ्याच्या बायकोला जपानीत 'ओकुसान' म्हणतात, आपण 'वहिनी' म्हणतो तसं. म्हणून आम्ही त्यांना ओकुसानच म्हणायला लागलो आणि मी झालो 'कर्नल-सान'.

पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात सिनेमातलं जपानी घर होतं. कागदाची सरकती दारं, जमिनीवर चटया, कोपऱ्यात एकच फूल. तसं काही नव्हतं. भाड्याचा फ्लॅट, आमच्यासारखाच. कपडे धुण्याचं यंत्र, मायक्रोवेव्ह, एसी सगळं होतं. पण ओट्याजवळ एका आकड्याला काहीतरी लटकत होतं, ते बघून मी तिथेच उभा राहिलो. तपकिरी, लंबगोल, काटेरी. दोरीचा फास लावून टांगलेलं. नारळाच्या काथ्याची घासणी!

माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आजीच्या घरी मागच्या दारी दगडावर भांडी घासली जायची ती नारळाच्या सोडणाने आणि चुलीतल्या राखेने. पन्नास वर्षांनी ती वस्तू मला गुरुग्रामच्या नवव्या मजल्यावर, टोकियोहून आलेल्या बाईंच्या स्वयंपाकघरात भेटली, आणि तीही अशी मानाने टांगलेली की जणू रेजिमेंटची ट्रॉफी.

त्या घासणीला जपानीत 'तावाशी' म्हणतात. तिचा इतिहास मी नंतर वाचून काढला, कारण रिकामा माणूस दुसरं काय करणार. १९०७ च्या सुमारास टोकियोत निशिओ शोझाएमोन नावाचे एक गृहस्थ होते. ताडाच्या जातीच्या एका झाडाचे तंतू तारेत पिळून त्यांनी पायपुसणी केली. पायपुसणी फसली. लोकांच्या वजनाने तंतू आडवे व्हायचे. घरात पडून राहिलेल्या त्या मालातला एक पिळा त्यांच्या बायकोने वाकवला आणि साफसफाईला वापरला, आणि निशिओंना घासणी सुचली. आकार कासवाच्या पिल्लासारखा, म्हणून नाव ठेवलं 'कामेनोको', कासवाचं पिल्लू. १९१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तीच घासणी त्याच नावाने आजही बनते, नारळाच्या काथ्याचीही बनते आणि तिच्याभोवती कागदाचं वेष्टण असतं. आमच्याकडे म्हण आहे ना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. इथे जपान्यांनी तो पीळच विकायला काढला.

आता काथ्या का टिकतो? त्यात लिग्निन नावाचा लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ भरपूर असतो. म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही. खाऱ्या पाण्यातही दोर टिकतात, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा. पण मातीत टाकला की सावकाश का होईना, मातीच होतो. आणि आपण बाजारातून आणतो ती हिरवी घासणी? ती नायलॉन-पॉलिएस्टरची. झिजते म्हणजे कुठे जाते? तुमच्या मोरीतून पुढे. दोन महिन्यांत ती अर्धी होते ना, तो अर्धा भाग हवेत विरत नाही.

हे सगळं वाचून मी काय केलं असेल? एका निवृत्त कर्नलने जे करायचं तेच. हुकूम सोडला. ऑनलाइन अर्धा डझन काथ्याच्या घासण्या मागवल्या, हिरव्या घासण्या कचऱ्यात टाकल्या, भांड्यांच्या साबणाची बाटली अर्ध्यावर आणली आणि आमच्या घरी काम करणाऱ्या दीदीला सांगितलं, उद्यापासून असं.

दीदी पश्चिम बंगालमधून आलेली, आमच्यासकट चार घरची भांडी करते. दोन दिवस तिने काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सौ.ला म्हणाली, "मॅडम, इसमें झाग नहीं आता, तेल नहीं छूटता. मेरा टाइम डबल लगता है." आणि खरंच होतं. कढईला चिकटलेलं तेल काथ्यात शिरत होतं, मग तोच तेलकट काथ्या ताटावर फिरत होता. आठव्या दिवशी हिरवी घासणी परत आली. मला न सांगता. फौजेत याला 'अनधिकृत माघार' म्हणतात, पण इथे दोष सैनिकाचा नव्हता. सेनापतीने कधी भांडी घासलीच नव्हती.

त्या निमित्ताने मी पहिल्यांदा दीदीचे हात नीट पाहिले. बोटांची टोकं सोललेली, नखांच्या कडा लाल. चार घरं, चार प्रकारचे साबण, दिवसातले पाच-सहा तास पाण्यात. चार वर्षं ती बाई आमच्या घरात येत होती आणि मला तिचे हात दिसले नव्हते. याबद्दल मी फार बोलणार नाही, पण ते डोक्यातून गेलं नाही.

मग मी ओकुसानना विचारलं, तुम्ही तेलकट कढई याच घासणीने कशी साफ करता? त्यांना प्रश्नच कळेना. मग हसल्या आणि ओट्याखालून एक डबा काढला. त्यात कापडाचे तळहाताएवढे तुकडे. जुने टी-शर्ट, जुने टॉवेल, फाटके मोजे, सगळं कापून रचून ठेवलेलं. कढई कोमट असतानाच त्यातला एक तुकडा घेऊन तेल पुसायचं, तुकडा कचऱ्यात टाकायचा, मग गरम पाणी आणि तावाशी. साबण लागलाच तर दोन थेंब. त्या तुकड्यांना त्या 'उएसु' म्हणाल्या. मी चकित झालो तेव्हा त्यांनी सांगितलं की हा इंग्रजीतला 'वेस्ट' शब्दच आहे, जपानी तोंडात जाऊन असा झाला. म्हणजे टाकाऊ या शब्दालासुद्धा त्यांनी कामाला लावलं!

तळणीचं उरलेलं तेल? तेही मोरीत नाही. त्यांच्याकडे एक पांढरी पूड मिळते. गरम तेलात मिसळली की तेल थंड होताना घट्ट वडी बनते, ती उचलून कचऱ्यात टाकायची. ही पूड कशापासून करतात माहीत आहे? एरंडेलापासून. आणि एरंडी जगात सर्वांत जास्त कुठे पिकते? आपल्या गुजरातेत. एरंडेल आपल्याकडे अजून आजीच्या हाताने लहान मुलांच्या पोटातच जातंय.

तर खरा मुद्दा मला इथे समजला. घासणी नव्हे, तिच्या आधीचं पुसणं हे तंत्र होतं. मी वस्तू आणली होती, रीत आणलीच नव्हती. आणि तुम्ही आठवून बघा, आपल्या घरांत रीत होती की. आजी कढईतलं शेवटचं तेल पोळीने पुसून ती पोळी खायला द्यायची, किंवा कणकेचा गोळा फिरवायची. उरलेलं ओशटपण राख ओढून घ्यायची. राखेत पोटॅशचा क्षार असतो, तेलाशी त्याचा संयोग झाला की साबणासारखंच काहीतरी होतं. म्हणजे भांड्यावरच साबण तयार व्हायचा.

पण थांबा. इथे मी आजीचे गोडवे गाणार असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. त्याच राखेने आजीच्या हातांना भेगा पडायच्या. थंडीत त्यातून रक्त यायचं, ती कोकम तेल लावून बसायची. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, असं समजण्याची हल्ली एक फॅशन आहे. रिठ्याचंच घ्या. दिल्लीला खारी बावलीच्या बाजारात पोत्यांनी रिठे-शिकेकाई मिळते, मी आणतो, लोकरीच्या कपड्यांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डोंगराळ भागातल्या पोस्टिंगमध्ये आमच्या युनिटचा धोबी शाली रिठ्यातच धुवायचा. इकडच्या जड पाण्यात साध्या साबणाचा चिकट साका बनतो, तो रिठ्याचा बनत नाही. हे सगळं खरं. पण रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर काय होतं ते एकदा अनुभवा, आणि त्यातलं फेस आणणारं द्रव्य, सॅपोनिन, माशांना विषारी असतं. तळ्याकाठी बसून रिठ्याने कपडे धुऊ नका.

दुसरी फॅशन म्हणजे व्हॉट्सॲपवरची, खायचा सोडा आणि लिंबूसत एकत्र करून फसफसवणं. जपानी घरांत या दोन्ही गोष्टी असतात, ओकुसानकडे डबेच होते. पण वेगवेगळे. नळावरच्या पांढऱ्या क्षारांना लिंबूसत, करपलेल्या आणि तेलकट डागांना सोडा. दोन्ही एकमेकांत ओतले की एक दुसऱ्याला मारतं, हाती उरतं ते जवळपास साधं खारट पाणी आणि गंमत. फसफसणं म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस म्हणजेही नव्हे.

आता फेसावर आलोच आहे तर मोरीतून खाली उतरू. मी जुना नकाशे वाचणारा माणूस. एक दिवस बसलो आणि आमच्या घरातलं भांड्यांचं पाणी कुठे जातं ते नकाशावर शोधायला लागलो. गुरुग्रामचं पाणी, शुद्ध केलेलं असो की न केलेलं, मुख्यतः बादशाहपूर नाल्यासारख्या मोठ्या नाल्यांतून नजफगढ नाल्याला मिळतं. नजफगढ नाला म्हणजे मुळातली साहिबी नदी. राजस्थानच्या अरवलीतून येणारी एक नदी होती, तिला आपण नाला म्हणायला लागलो आणि मग ती तशी झाली. तो नाला दिल्लीला वळसा घालत वझीराबादजवळ यमुनेत पडतो. दिल्लीतून यमुनेत जी घाण जाते तिच्यातला सर्वांत मोठा वाटा या एका नाल्याचा असतो.

पुढे नदी शहरभर जाते आणि ओखला बंधाऱ्यावरून खाली पडते. तिथे कालिंदी कुंजला पावसाळा संपला की पाण्यावर बर्फासारखा पांढरा फेस तरंगतो. तुम्ही फोटो पाहिले असतील, छठपूजेच्या बायका कमरेइतक्या पाण्यात सूर्याला अर्घ्य देत उभ्या आणि चारी बाजूंनी फेसाचे ढीग. मैलापाणी, त्यातली साबण-डिटर्जंटची द्रव्यं आणि उंचावरून पडणाऱ्या पाण्याची घुसळण, यातून तो फेस होतो. २०२१ साली दिल्लीत बीआयएसच्या मानकात न बसणाऱ्या साबण-डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी आली. नोएडाला एका जुन्या सहकाऱ्याकडे जाताना मी त्याच पुलावरून जातो. त्या ढिगात माझ्या घरची दोन चमचे तरी भर होती, हे मला नाकारता येईना.

मी कुठलाही आकडा सांगून असं म्हणणार नाही की एका घराने साबण कमी केला म्हणून यमुना स्वच्छ होते. होत नाही. मैलापाण्याची शुद्धीकरण केंद्रं नीट चालली पाहिजेत, ते काम सरकारचं आणि ते कुठल्याही काथ्याने होणार नाही. पण आपल्या मोरीचं दुसरं टोक कुठे आहे हे एकदा कळलं की हात आपोआप आखडतो.

ओकुसानच्या घरात मला जे दिसलं ते नेमकं हेच. प्रत्येक वस्तूचा शेवट आधीपासून ठाऊक असायचा. नवी तावाशी आधी गाजर-बटाटे-मुळा घासायला. मुळ्याची साल त्या काढायच्या नाहीत, घासायच्या. ती जरा मऊ पडली की भांड्यांना. आणखी झिजली की न्हाणीघराच्या फरशीला, मग बाल्कनीतल्या कुंड्यांना आणि बुटांच्या चिखलाला. टी-शर्टाचा उएसु. तांदळाचं धुवण झाडांना. त्यांच्याकडे 'मोत्ताइनाई' असा एक शब्द आहे. वाया गेल्याची हळहळ आणि त्या वस्तूचा आपण मान राखला नाही याची खंत, दोन्ही त्यात येतं. केनियाच्या वांगारी माथाई, नोबेल मिळालेल्या, २००५ मध्ये जपानला गेल्या तेव्हा त्यांना हा शब्द इतका आवडला की त्यांनी तो जगभर नेला. आपल्याकडे ताटात अन्न टाकलं की आई म्हणायची, "अन्नाला लाथाडू नये." भावना तीच, फक्त आपण ती अन्नापुरती ठेवली. प्लास्टिकच्या डब्याला कोण नमस्कार करतंय.

आणि जपान म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणत नाही. ओकुसानकडे जपानहून पार्सल यायचं. पेटीच्या आत प्लास्टिक, त्याच्या आत प्लास्टिक, त्याच्या आत प्रत्येक बिस्कीट वेगळ्या प्लास्टिकमध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात माणशी प्लास्टिक वेष्टणाच्या कचऱ्यात अमेरिकेच्या खालोखाल जपान होता. आणि त्यांच्या घरगुती कचऱ्यातला बहुतेक भाग ते जाळतात. शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचं एक छोटं गाव आहे, त्याने २००३ मध्ये शून्य-कचरा जाहीर केलं आणि तिथले लोक कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. पण कामिकात्सु म्हणजे जपान नव्हे, जसं हिवरे बाजार म्हणजे महाराष्ट्र नव्हे. मी हे ओकुसानना बोलून दाखवलं तेव्हा त्या जरा ओशाळल्या आणि ते बिस्किटांचे कागद उलगडून सरळ करून त्यांनी एका पिशवीत ठेवले. कशासाठी ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता कापडाबद्दल बोलतो, कारण यात मला आमची बाजू वरचढ वाटते. जपानी लोक एका चौकोनी कापडात वस्तू बांधून नेतात, फुरोशिकी म्हणतात. 'फुरो' म्हणजे न्हाणं. सार्वजनिक न्हाणीघरात कपडे गुंडाळायचं, त्यावर उभं राहायचं कापड, असा त्याचा उगम सांगतात. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या प्लास्टिक बाटल्यांच्या धाग्याची एक फुरोशिकी काढली, पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून. मंत्र्याने कापडाच्या गाठी मारून दाखवायच्या, ही कल्पनाच मला आवडली. ओकुसाननी मला बाटली कशी बांधायची, कलिंगड कसं बांधायचं, ते दाखवलं. छान होतं. पण मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे भाकरीची शिदोरी बांधायचं फडकं असतं, धान्याचं गाठोडं असतं, सुपारीची पुरचुंडी असते, बाळाची झोळी असते आणि माणूस उन्हाला निघाला की तेच कापड डोक्याला. हे सगळं एकाच पंच्यात. आणि फौजेतला बिस्तरबंद! गादी, उशी, चादर, बूट, दाढीचं सामान, सगळं त्या कॅनव्हासच्या गुंडाळीत मावायचं आणि स्टेशनवर गाडी उशिरा आली तर तोच पलंग. माझा १९८० च्या दशकातला बिस्तरबंद अजून आहे. सौ. त्याला दर दिवाळीला हाकलायला बघते.

आणि बोहारीण! जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी. माझ्या आईची आणि बोहारणीची तासभर चालणारी घासाघीस आठवली की आज वाटतं, ती बाई म्हणजे एक चालतीबोलती पुनर्वापर यंत्रणाच होती. जे कापड बोहारणीलाही नको, त्याची गोधडी. एका गोधडीत आजीचं नऊवारी, काकाचं धोतर, आमच्या शाळेच्या चड्ड्या. जपानात उत्तरेकडच्या थंड प्रांतातले गरीब शेतकरी अशीच ठिगळांवर ठिगळं शिवायचे, त्याला 'बोरो' म्हणतात आणि तो धावदोरा म्हणजे 'साशिको'. आज ते बोरो संग्रहालयांत काचेआड आहेत. ओकुसाननी आमची गोधडी पाहिली तेव्हा दोन्ही हातांनी उचलून आधी उलटी बाजू बघितली. टाके मोजत होत्या. माझ्या सुनेने तीच गोधडी गाडी पुसायला मागितली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. दिल्लीत मे-जूनमध्ये ४५ अंश ही बातमी राहिलेली नाही. जपानी लोक खिडकीबाहेर बांबूच्या काड्यांचा पडदा सोडतात, सुदारे. दिल्लीत रस्त्याच्या कडेला बसून कारागीर विणतात तो चिक हाच. जुन्या छावण्यांतल्या आमच्या बंगल्यांना व्हरांड्यात चिक आणि दाराला वाळ्याची टट्टी असायची, त्यावर दिवसभर पाणी शिंपडायचं. पडदा काचेच्या बाहेर असला की ऊन काचेवर पडण्याआधीच अडतं. आत लावलेला पडदा घरात शिरून बसलेल्या उन्हाला अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. तसंच संध्याकाळी दारापुढे पाणी शिंपडणं, जपानीत उचिमिझु, आपला सडा. टोकियोत २००३ पासून लोक ठरवून एकत्र पाणी शिंपडतात, तेही वापरून झालेलं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता ते बरोबर घेऊन जातं. कोरड्या हवेत हे चालतं. ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की सडाही थकतो आणि टट्टीही.

मी बाल्कनीला बाहेरून चिक लावला. पंधरा दिवसांत आमच्या गृहसंकुलाच्या समितीचं पत्र: इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा बिघडते, काढून टाकावा. शेजारच्या भिंतीवर एसीच्या डब्यांची रांग लागली आहे, ती शोभेत बसते. मी तीन पत्रं लिहिली, एका बैठकीत जरा आवाजही चढवला. शेवटी तडजोड झाली, चिक बाल्कनीच्या आत, कठड्याच्या मागे. काचेच्या बाहेर तो अजून आहेच, म्हणजे लढाई अर्धी जिंकली. त्या खोलीत आता दुपारी पंख्यावर भागतं.

२०१९ च्या मार्चमध्ये ओकुसानच्या घरची बदली आली. सामान बांधायला आम्ही दोघं गेलो, तो आमचा प्रांत. बांधून झाल्यावर उरलेल्या वस्तूंचा त्यांनी जमिनीवर एक ढीग केला आणि एकेक उचलून विचारत गेल्या, ही कोणाला? कुंड्या माळ्याला. पांघरुणं रखवालदाराला. उएसुचा डबा दीदीला. बाजूला शेवटी एक प्लास्टिकची बादली राहिली, तडा गेलेली. ती घेणारं कोणी नव्हतं. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मला माहीत होतं ती कुठे जाणार. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर अरवलीच्या कुशीत बंधवाडीचा कचऱ्याचा डोंगर आहे, तिथे. मी ती आमच्याकडे आणली. तळाला भोक पाडून तिच्यात कढीपत्ता लावलाय.

दीदीचं राहिलं. या वेळी मी हुकूम सोडला नाही. ओट्याजवळ उएसुचा डबा ठेवला आणि जेवण झालं की कढई आणि ताटं मी स्वतः पुसून ठेवायला लागलो. आधी सौ. हसली, मग तीही पुसायला लागली. दीदीसमोर येणारी भांडी आता अर्धी स्वच्छ असायची. शिवाय गिझरचं गरम पाणी ओट्यापर्यंत आणून घेतलं, जे चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. काथ्याची घासणी तशीच आकड्याला टांगून ठेवली, काही न सांगता. महिन्याभराने ती ओली दिसायला लागली.

एक तांत्रिक गोष्ट, कारण खाली प्रश्न येतीलच. नवी काथ्याची घासणी आधी गरम पाण्यात तासभर भिजवा. तपकिरी रंग सुटतो, तो दोनदा फेकून द्या, नाहीतर पांढऱ्या ओट्याला डाग पडतात. वापरल्यावर झटकून टांगायची, बशीत ओली ठेवली तर बुरशी धरते. नॉनस्टिक तव्याला ती लावू नका. लोखंडी कढई, पितळ, स्टील, पोळपाट, सगळ्यांना चालते.

दीदीच्या हातांना आता मलम कमी लागतं, असं ती म्हणते. बाकी तीन घरी अजून हिरवी घासणी आणि निळा साबण आहे, त्यामुळे सगळं बरं झालंय असं काही नाही. पण परवा जाता जाता ती दारात थांबली आणि आकड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "साहब, ये वाला दो और मँगवा दो. एक तीन सौ दो नंबरवाली आंटी के यहाँ रखूँगी, एक मेरे घर के लिए."